कोपा कुठे गेला?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग पाहुणेरावळे, मग आळस! पण एक विषय मे महिन्यापासून डोक्यात घर करून बसला आहे. तो एकदाचा उतरवून टाकते.

मे महिन्यात नात आठ-दहा दिवस राहायला आली होती. वय वर्षे बारा. एके दुपारी मी पुढ्यात ताट घेऊन मटकी निवडत बसले होते आणि ती शेजारी पालथी पडून वहीत चित्र काढत होती. सिंहाचा छावा. कपाळावर तांबूस झिपरी. खाली मोठ्या अक्षरांत नाव, कोपा.

"हा कोण गं?"

"आजी, हा सिंबाचा मुलगा."

आता 'द लायन किंग' मला अगदीच अनोळखी नाही. नात लहान असताना तिच्याबरोबर इतक्या वेळा पाहिला आहे की टिमॉन आणि पुंबा मला घरचेच वाटतात. मी म्हटले, "अगं, सिंबाला मुलगी आहे ना? कियारा?"

"तेच तर! ती नंतर आली. आधी हा होता. मग हा कुठे गेला, ते कुणीच सांगत नाही. सिनेमात नाही म्हणून तो कॅननमध्ये धरत नाहीत."

कॅनन म्हटल्यावर मला तोफ आठवली. नात पोट धरधरून हसली. मग तिने समजावले, कॅनन म्हणजे कंपनीला मान्य असलेली खरी गोष्ट. म्हणजे आपल्याकडे मूळ संहिता कुठली आणि प्रक्षिप्त काय, यावर पंडित भांडतात, तसलेच काहीतरी. ही पोरे सिंहांच्या बाबतीत तेच करतात! मग मी मटकी बाजूला ठेवली आणि सगळी हकीकत नीट समजून घेतली. मुलानेही त्यात भर घातली. तो अकरा-बारा वर्षांचा असताना या सिनेमाची कॅसेट व्हीसीआरवर घासून घासून पाहणाऱ्यांपैकी एक. (भाड्याच्या कॅसेटचे पैसे कोणी भरले, हे तो सोयीस्करपणे विसरला आहे. असो.)

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द लायन किंग' हा डिस्नेचा चित्रपट १९९४ च्या जून महिन्यात अमेरिकेत आला. दिग्दर्शक दोघे, रॉजर अ‍ॅलर्स आणि रॉब मिन्कॉफ. आफ्रिकेतल्या एका राज्याचा राजा मुफासा, त्याचा छावा सिंबा आणि राजाचा भाऊ स्कार. स्कार भावाला मारतो, छाव्याला पळवून लावतो आणि गादीवर बसतो. पुढे छावा मोठा होऊन परत येतो. ज्यांनी 'हॅम्लेट' वाचले आहे किंवा रंगमंचावर पाहिले आहे, त्यांना ओळख पटेलच.

गंमत म्हणजे स्टुडिओत त्या वेळी या चित्रपटाला दुय्यम समजत. नावाजलेल्या बऱ्याच चित्रकारांना 'पोकाहॉन्टस' वर काम करायचे होते. त्यात १९९४ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, स्टुडिओ बंद पडला आणि कित्येकांनी उरलेले काम घरी बसून पुरे केले. अशा परिस्थितीत तयार झालेला हा चित्रपट जगभर चालला.

त्याहून मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. सुरुवातीच्या आराखड्यांत स्कार हा मुफासाचा भाऊ नव्हताच! तो परका, बाहेरचा सिंह होता. वैरी घरातलाच असला तर गोष्ट जास्त झोंबेल, असे लिहिणाऱ्यांना नंतर वाटले, म्हणून तो भाऊ झाला. म्हणजे ज्याला आपण 'मूळ गोष्ट' म्हणतो, तीसुद्धा कुणीतरी आधी बदललेलीच असते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चित्रपटाच्या शेवटी रफीकी नावाचा वानर सिंबा आणि नला यांच्या नवजात छाव्याला उंच कड्यावरून सगळ्या प्राण्यांना दाखवतो. तो मुलगा की मुलगी, नाव काय, काहीच सांगितलेले नाही. तिथे पडदा पडतो.

पण पोरांचे कुतूहल पडद्याबरोबर थोडेच पडते? त्याच १९९४ साली सहा लहान पुस्तकांचा एक संच निघाला. त्यात सिंबाचा छावा खेळतो, हट्ट करतो, चुका करतो. त्याचे नाव कोपा. त्यातल्या 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' या पुस्तकात रफीकी या कोपाला त्याच्या आजोबांची, म्हणजे मुफासाची आणि त्यांच्या भावाची गोष्ट सांगतो. स्कारचे पाळण्यातले नाव टाका होते, हे त्याच पुस्तकात कळते. मुफासाला गोत्यात आणण्यासाठी टाका पाणवठ्यावर एक डाव रचतो, तो त्याच्यावरच उलटतो आणि रानरेड्याच्या तडाख्याने त्याच्या डोळ्यावर ती जखम होते. त्या दिवसापासून तो स्वतःला स्कार, म्हणजे व्रण, म्हणवून घेतो.

पोरांनी ही पुस्तके वाचली आणि कोपा त्यांच्यातला एक होऊन गेला.

मग १९९८ च्या ऑक्टोबरात दुसरा भाग आला, 'सिंबाज प्राइड'. हा थिएटरात न येता थेट कॅसेटवर आला. त्याच्या सुरुवातीला पुन्हा तोच कडा, पुन्हा रफीकी, पुन्हा छावा उंच धरलेला. पण छावा मुलगी, नाव कियारा. पुढे तिची आणि स्कारच्या बाजूच्या कोवूची प्रीती जमते, 'रोमिओ आणि ज्युलिएट'च्या वळणाची कथा.

आणि कोपा? त्याचा उल्लेख नाही. मेला म्हणून नाही, हरवला म्हणून नाही. जणू तो कधी जन्मलाच नव्हता.

व्यवहाराच्या दृष्टीने याचे उत्तर अवघड नाही. चित्रपट करणाऱ्यांनी पुस्तकांना बांधून घेतले नाही, नव्या कथेला मुलगी हवी होती, ती घेतली. पण पोरांना हे उत्तर पटेना. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे जगभरची पोरे, त्यातली बरीच आता चाळिशीला आलेली, या एका छाव्याचा शोध घेत आहेत. कुणी गोष्टी लिहिल्या, कुणी चित्रे काढली. त्यातले सगळ्यांत गाजलेले अनुमान असे. दुसऱ्या भागात झिरा नावाची सिंहीण आहे, स्कारची कट्टर भक्त. सिंबाने तिला आणि तिच्या साथीदारांना राज्याबाहेर हाकलले आहे. पण एवढी कडक शिक्षा कशासाठी? सिंबा तर दयाळू. पोरे म्हणतात, स्कारचा सूड म्हणून झिराने कोपाला मारले असणार. म्हणून तर सिंबा कियाराला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही! तिच्यावर पहारा ठेवतो, तिने सीमेकडे पाहिले तरी घाबरतो. एक मूल गमावलेला बाप असाच वागतो.

मंडळी, मी चौतीस वर्षे मराठी शिकवले. पाठातल्या पात्राचे स्वभावचित्र काढायला सांगितले की मुले गाइडमधली चार विशेषणे उतरवत. आणि इथे कुणी न सांगता मुलांनी बापाच्या भीतीवरून त्याच्या दुःखाचा माग काढला! खरे सांगते, मी अवाक झाले.

बरे, अनुमान एवढ्यावर थांबत नाही. काहींच्या मते कोपा मेलाच नाही, वाचला आणि दूर कुठेतरी वाढला. काहींनी त्याची झिराच्या मुलीशी, वितानीशी, मैत्री लावून दिली, कारण तिच्याही कपाळावर तशीच झिपरी आहे. कोवूच्या बाबतीतही असेच बारकावे. तो आधी स्कारचा मुलगाच असायचा होता. पण मग कियारा त्याची पुतणी लागते आणि लग्नाची पंचाईत! म्हणून त्याला स्कारने 'निवडलेला' वारस करून टाकले. आणि पहिल्या भागात कळपात मोठे नर दोनच दिसतात, मुफासा आणि स्कार. मग नलाचा बाप कोण, असा प्रश्न पोरे विचारतात तेव्हा मोठ्यांनी विषय बदललेला बरा!

हसू नका. आपल्याकडे दुसरे काय झाले आहे? दशरथाला रामाआधी शांता नावाची मुलगी होती. भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या आरंभीच तिचा उल्लेख केला आहे. ती अंगदेशाच्या राजाला दत्तक दिली आणि तिचे लग्न ऋष्यशृंगाशी झाले. पण रामायणाच्या कितीतरी कथनांतून ती गळून गेली. वर्गात मी "रामाला भावंडे किती?" असे विचारले की पोरे एका सुरात "तीन भाऊ" म्हणत आणि मीही "शाबास" म्हणून पुढे जाई. ऊर्मिलेचेही तेच. लक्ष्मण वनात गेला त्याच्या मागे ती चौदा वर्षे काय करत होती? कवींनी उपेक्षिलेल्या अशा स्त्रियांवर रवींद्रनाथांनी एक निबंध लिहिला. पुढे मैथिलीशरण गुप्तांनी 'साकेत' मध्ये ऊर्मिलेला मोठी जागा दिली, ते १९३१ साल. कर्णाचे काय सांगावे? १९६७ साली शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' आले आणि आमच्या पिढीतल्या कॉलेजच्या मुलामुलींनी ते उशाशी घेऊन झोपावे, अशी स्थिती होती. जे व्यासांनी सांगितले नाही ते वाचणाऱ्याला हवे असते, म्हणून कुणीतरी ते लिहिते. नातीच्या वहीतला कोपा त्याच ओळीत बसतो, फक्त रांगेत फार मागे उभा आहे इतकेच.

कंपनीनेही आपल्याच पात्रांना कमी फिरवले नाही. १९९७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर जूली टेमर यांनी 'लायन किंग' रंगमंचावर आणले तेव्हा रफीकी बाईमाणूस झाली. २००४ साली टिमॉन आणि पुंबा यांच्या नजरेतून सगळी कथा परत सांगितली. २०१५ साली टीव्हीवर 'द लायन गार्ड' सुरू झाले, त्यात कियाराला कायन नावाचा धाकटा भाऊ आला. स्कारची जखमही बदलली. पुस्तकात रानरेड्याने केलेली, तर या मालिकेत नागाच्या दंशाची.

आणि मग २० डिसेंबर २०२४ ला बॅरी जेन्किन्स यांचा 'मुफासा' आला. आम्ही सगळे मिळून हिंदीत पाहिला. मुफासाला शाहरुख खानचा आवाज आणि टिमॉनला आपल्या श्रेयस तळपदेचा. यात मुफासा हा पुरात वाहून आलेला अनाथ छावा. टाका त्याला वाचवतो, दोघे भावासारखे वाढतात, पण रक्ताचे नाते नाही. म्हणजे पहिल्या आराखड्यातला 'भाऊ नसलेला' स्कार तीस वर्षांनी वेगळ्या वाटेने परत आला! जखमेचीही तिसरी कथा. आधी टाका मुफासाला दगा देतो, पण शेवटी त्याच्यावरचा वार आपल्या अंगावर घेतो, तो हा व्रण. मुफासा त्याला कळपात राहू देतो, पण यापुढे तुझे नाव उच्चारणार नाही असे ठरवतो. तेव्हा तो स्कार हे नाव घेतो.

टाका हे नाव थिएटरातल्या बहुतेकांना नवीन होते. ज्यांनी १९९४ ची ती लहान पुस्तके जपली, ज्यांनी ते नाव आपल्या गोष्टींतून वापरत ठेवले, त्यांच्यासाठी मात्र ते जुन्या ओळखीचे होते. मुलगा म्हणाला, ते नाव ऐकले तेव्हा अंगावर काटा आला.

पण नातीने जे दाखवले ते मला जास्त लागले. ती म्हणाली, "आजी, पुस्तकात रफीकी ही टाकाची गोष्ट कुणाला सांगतो?"

"कोपाला."

"आणि सिनेमात?"

कियाराला! तोच वानर, तेच दोन भाऊ, तेच आजोबा. ऐकणारे मूल मात्र दुसरे. टाकाला त्याचे नाव परत मिळाले, कोपाची जागा तेवढी भरून निघाली.

मी त्यावर काही बोलले नाही. मटकीचे ताट परत पुढे ओढले.

आता जे लिहिते आहे ते मुख्यतः आपल्या घरच्या मंडळींसाठी. बाकीच्यांनी वाचले तरी हरकत नाही.

२००३ साली आपल्या कुलसंमेलनाच्या वेळी वंशावळ तयार केली, आठवते ना? मोठ्या कागदावर छापून सगळ्यांना वाटली होती. त्यात दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाखाली तीन रेघा आहेत. मी आणि माझ्या पाठचे दोघे. आमच्या शाखेची माहिती चुलतभावाला मीच लिहून दिली होती. स्वच्छ अक्षरात, तारखांसह.

आम्ही तीन नव्हतो, चार होतो. माझ्या लगेच पाठीवर सुधाकर होता. घरात त्याला बाळू म्हणत. १९५४ चा जन्म. १९५७ च्या पावसाळ्यात घटसर्पाने गेला. गावात डॉक्टर नव्हता, ओढ्याला पाणी होते, गाडी पलीकडे जाईना. मी पाच वर्षांची होते. त्यानंतर घरात त्याचे नाव निघाले नाही. आईला कुणी विचारले, मुले किती, की ती "तीन" म्हणे, पण लगेच म्हणत नसे. मध्ये श्वासाएवढा वेळ जाई. तो वेळ मी आयुष्यभर ऐकला आणि वंशावळीच्या कागदावर सरळ तीन लिहिले. कुणी सांगितले नव्हते तसे लिहायला. आई तेव्हा हयात होती. तिने तो छापलेला कागद पाहिला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. मला काही बोलली नाही.

शाळेतलीही एक गोष्ट या निमित्ताने आठवली. मुद्द्यांवरून ससा-कासवाची गोष्ट लिहायला दिली होती. एका मुलाने लिहिले की ससा आळशी नव्हता, आदल्या रात्री त्याची आई आजारी होती म्हणून तो जागा होता, म्हणून झाडाखाली झोप लागली. मी पाचपैकी दोन गुण दिले आणि शेरा मारला, 'मुद्दे सोडून लिहिले आहे'. त्याच्या घरी कोण आजारी होते, हे विचारायचे मला सुचले नाही. मुद्द्यांत नसलेले माणूस नाहीच, असे मानायची सवय मलाही होती आणि ती मी वर्षानुवर्षे शिकवली.

नातीला मी बाळूबद्दल सांगितले. जायच्या आदल्या रात्री, अंथरुणावर पडल्या पडल्या. तिने लगेच विचारले, "तो कसा होता?" मला दोनच गोष्टी सांगता आल्या. त्याला 'अक्का' म्हणता येत नसे, तो मला 'अत्ता' म्हणे. आणि त्याच्या मुठीत नेहमी चिंचोके असत, झोपेतसुद्धा. ती म्हणाली, "बाकीचं आपण बनवूया का?" मी नको म्हटले. कोपासाठी पोरे हजार गोष्टी रचतात, ते मला आता मनापासून आवडते. तो गोष्टीतच जन्मला, गोष्टीतच राहू दे, जितक्या हव्या तितक्या. बाळू मात्र खरोखर होता. त्याच्याबद्दल न घडलेले मला एक अक्षरही नको. जे दोन चिंचोके उरले आहेत तेवढेच बरे.

नातीने ते मान्य केले. पण जाताना वहीतले कोपाचे चित्र फाडून मला देऊन गेली. सध्या ते देवघराच्या कपाटाला आतून चिकटवले आहे.

तर एक विनंती. आत्या आता नव्वदीच्या पुढे आहेत, पण जुने त्यांना स्वच्छ आठवते. कऱ्हाडच्या मंडळींनी त्यांना बाळूबद्दल विचारावे. घाई नको, एखाद्या निवांत दुपारी. काही सांगितले तर जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि मला कळवावे. आणि ज्यांच्याकडे ती वंशावळ आहे त्यांनी दादांच्या नावाखाली, पहिल्या रेघेच्या शेजारी, पेनाने एक रेघ ओढावी. सुधाकर (बाळू), १९५४ ते १९५७. माझ्या प्रतीत मी ओढली आहे. हात थोडा थरथरला, रेघ वाकडी आली आहे.

इतरांना एवढेच विचारते. तुमच्या घरातल्या मुलांनी कुठल्या गोष्टीतला कोण कुठे गेला म्हणून विचारले, तर त्यांना "तसे काही नसते" म्हणू नका. काय विचारले ते मला जरूर कळवा. वाचायला आवडेल.